येथील सर्व क्षेम

आठवीला जुन्या पद्धतीचं घरगुती पत्र शिकवताना मराठीच्या तासाला मी फळ्यावर लिहिते, 'येथील सर्व क्षेम, तुमचे क्षेम कळावे.' उर्दूच्या तासाला त्याच जागी येतं, 'यहां सब खैरियत है.' दोन्ही भाषांचं या बाबतीत पूर्ण एकमत आहे. एकदा एका मुलीने उभं राहून विचारलं, "मॅडम, घरी बरं चाललेलं नसेल तर काय लिहायचं?" मी म्हणाले, "तरी हेच लिहायचं." वर्ग हसला, मीही हसले आणि पुढे शिकवू लागले.

त्या मुलीचा प्रश्न मला नंतर एका रशियन कादंबरीत भेटला. फ्योदोर दोस्तोयेव्हस्कीची 'क्राइम अँड पनिशमेंट', म्हणजे 'गुन्हा आणि शिक्षा', 1866 मध्ये मॉस्कोच्या 'रशियन मेसेंजर' या मासिकात क्रमशः छापून आली. तिच्याबद्दल बोलणारे बहुतेक लोक कुऱ्हाडीबद्दल बोलतात, नेपोलियनबद्दल बोलतात, 'असामान्य माणसाला सगळं माफ' या रास्कोलनिकोव्हच्या सिद्धांताबद्दल बोलतात. मला मात्र ती कादंबरी एका पत्राची वाटते. ते पत्र पहिल्या भागाच्या तिसऱ्या प्रकरणात येतं, आईने मुलाला लिहिलेलं. ते इतकं लांब आहे की जवळजवळ सगळं प्रकरण तेच व्यापतं.

ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. रोदियन रास्कोलनिकोव्ह तेवीस वर्षांचा, कायद्याचा विद्यार्थी. फी भरायला पैसे नाहीत म्हणून विद्यापीठ सुटलेलं, शिकवण्या सुटलेल्या. पीटर्सबर्गमध्ये एका पाच मजली घराच्या छपराखाली कपाटाएवढ्या खोलीत राहतो, घरमालकिणीचं देणं थकलंय म्हणून जिन्यावरून चोरासारखा उतरतो. जुलैचा उकाडा आहे. दिवसचे दिवस तो कोचावर पडून एकच विचार करतोय. अल्योना इवानोव्हना नावाची सावकारीण आहे, वस्तू गहाण ठेवून घेणारी. तिला मारायचं, तिचे पैसे घ्यायचे आणि मग आयुष्यभर लोकांचं भलं करून ते पाप धुऊन टाकायचं. वडील वारलेले. गावाकडे आई पुल्खेरिया अलेक्सांद्रोव्हना आणि बहीण दुन्या. घरातला एकुलता एक मुलगा.

तर हे पत्र. मोलकरीण नास्तास्या ते आणून देते. पोस्टमनला द्यायचे तीन कोपेक तिने पदरचे दिलेले असतात. ती खोलीबाहेर जाईपर्यंत तो पत्र उघडत नाही. ती गेल्यावर आधी पाकीट ओठांना लावतो, पत्त्यावरचं आईचं तिरपं बारीक अक्षर बघत राहतो.

आई काय लिहिते? आधी सांगते की तू म्हणजेच आम्हा दोघींचं सगळं, आमची सारी आशा. मग हळूहळू बाहेर काढते की गेल्या वर्षभरात आम्ही तुला जे लिहीत होतो ते खरं नव्हतं. दुन्या स्विद्रिगायलोव्ह नावाच्या जमीनदाराच्या घरी मुलांना शिकवायला राहिली होती. तिने पगारातून 100 रूबल उचल घेतली होती, ती मुख्यतः रोद्याला 60 रूबल पाठवता यावेत म्हणून. रोद्याला मात्र कळवलं होतं की दुन्याच्या शिलकीतले आहेत. ती उचल फिटेपर्यंत तिला नोकरी सोडता येत नव्हती. घरधनी तिच्या मागे लागला तरी सोडता आली नाही. शेवटी त्याच्या बायकोने काहीतरी अर्धवट ऐकलं, दोष दुन्यालाच लावला, आणि मुसळधार पावसात उघड्या बैलगाडीसारख्या शेतकऱ्याच्या गाडीत घालून तिला घरी पाठवलं. गावभर बदनामी झाली. ही सगळी हकिगत आई आता लिहितेय, तेव्हा का लिहिली नाही तेही सांगते. कळवलं असतं तर तू सगळं टाकून पायी चालत आला असतास.

आपल्यापैकी किती जणांनी हे वाक्य घरात ऐकलंय! 'त्याला सांगू नका, परीक्षा आहे.' 'तिला कळवू नका, सासरी जीव खाली-वर होईल.' यात खोटेपणा कुठेच नाही, सगळी मायाच आहे. पुल्खेरिया ही जगातल्या कुठल्याही चांगल्या आईइतकीच चांगली आई आहे. म्हणून तर या पत्राची भीती वाटते.

मग येते लग्नाची बातमी. लुझिन नावाच्या पंचेचाळीस वर्षांच्या वकिलाने दुन्याला मागणी घातली आहे. माणूस कामसू आहे, पैसेवाला आहे. बोलता बोलता त्याने सांगून टाकलंय की मुलगी गरिबीतली हवी, हुंडा नसलेली, हाल सोसलेली, म्हणजे नवऱ्याला ती उपकारकर्ता मानेल. आई लगेच पुढे जोडते की त्याने इतक्या कठोर शब्दांत नाही हं सांगितलं, जरा बऱ्या शब्दांत सांगितलं. ही आईची सारवासारव वाचताना मला दरवेळी कसंतरी होतं. होकार देण्याआधी दुन्या रात्रभर खोलीत येरझारा घालत होती, मग तसबिरीपुढे गुडघे टेकून खूप वेळ प्रार्थना करत होती, आणि सकाळी म्हणाली, ठरलं. आईने हेही लिहिलंय. आणि लिहिलंय की लुझिन तुझ्या कामी येईल, त्याच्या कचेरीत तुझी सोय लागेल, पुढेमागे भागीदारही होशील.

आईचं उत्पन्न किती? नवऱ्याच्या मागे मिळणारी पेन्शन वर्षाला 120 रूबल. रात्री जागून थंडीचे रुमाल विणते, बाह्यांचं भरतकाम करते, त्याचे वर्षाला आणखी 20. या 140 रूबलांत दोघी जगतात. चार महिन्यांपूर्वी मुलाला पाठवलेले 15 रूबलसुद्धा पेन्शन तारण ठेवून वखरुशिन नावाच्या व्यापाऱ्याकडून घेतलेले. आता मुलीचं लग्न चांगल्या घरी ठरलं म्हणून तोच व्यापारी जास्त उधार देईल, मग तुला 25 किंवा 30 सुद्धा पाठवीन, असं ती आनंदाने लिहिते. लुझिन होणाऱ्या बायकोची पेटी स्वखर्चाने पोहोचवणार आहे. माय-लेकी मात्र नव्वद वेर्स्ट, म्हणजे जवळपास शंभर किलोमीटर, भाड्याच्या शेतगाडीतून आणि पुढे रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाने येणार. हे सगळं ती तक्रार म्हणून लिहीत नाही. रोद्या मात्र कायद्याचा विद्यार्थी आहे, त्याला पेटी आणि गाडी यांतला अर्थ बरोबर कळतो.

शेवटी आई विचारते, तू पूर्वीसारखी प्रार्थना करतोस ना रोद्या? वडील होते तेव्हा माझ्या मांडीवर बसून बोबडं बोबडं म्हणायचास, तेव्हा आपण किती सुखी होतो. नमाज पढतोस ना, असं फोनवर विचारणाऱ्या अम्मीचा आवाज मला इथे ऐकू येतो. तोच आवाज, तीच धास्ती.

वाचता वाचता त्याचा चेहरा आसवांनी भिजलेला आहे. वाचून संपतं तेव्हा चेहरा पांढराफटक, वाकडा झालेला, ओठांवर विखारी हसू. तो घराबाहेर पडतो, स्वतःशी मोठ्याने बोलत रस्त्याने चालतो, लोकांना दारुडा वाटतो. त्याच्या डोक्यात एकच हिशेब आहे. दुन्या स्वतःसाठी स्वतःला कधीच विकणार नाही, उपाशी मरेल पण विकणार नाही. भावासाठी मात्र विकेल. आदल्याच दिवशी त्याने मार्मेलादोव्ह नावाच्या दारुड्या कारकुनाकडून त्याच्या मुलीची, सोन्याची कहाणी ऐकलेली असते. घरातली लहान भावंडं उपाशी, सावत्र आई बोलते, आणि सोन्या एका संध्याकाळी उठून बाहेर जाते, परत येऊन तीस रूबल टेबलावर ठेवते आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहते. रोद्याला आता दुन्या आणि सोन्या यांत फरक दिसत नाही. फरक असलाच तर सोन्या भुकेपायी गेली, दुन्या त्याच्या फीपायी चालली आहे.

हे लग्न होऊ देणार नाही, असं तो ठरवतो आणि लगेच स्वतःलाच विचारतो, कुठल्या तोंडाने? तू काय देणार त्यांना? शिक्षण संपल्यावर, नोकरी लागल्यावर? त्याला दहा वर्षं लागतील. तोवर विणकाम करून, रडून आई आंधळी होईल. आत्ता काय करणार?

त्या 'आत्ता'पाशी त्याचा महिनाभराचा विचार एकदम बदलतो. कालपर्यंत ते एक स्वप्न होतं, आज ते काम झालं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो खून करतो, आणि अवेळी परत आलेल्या लिझावेताला, सावकारिणीच्या गरीब सावत्र बहिणीलाही मारतो. लिझावेता त्याच्या कुठल्याच सिद्धांतात बसत नाही. तिच्यासाठी त्याच्याकडे एकही युक्तिवाद नाही.

इथे एक आक्षेप येतो आणि तो मला मान्य आहे. रास्कोलनिकोव्ह स्वतः पुढे सोन्याजवळ कबूल करतो तेव्हा आधी हेच कारण देतो. आई जवळजवळ कफल्लक, बहीण परक्यांच्या दारी, दोघींची आशा माझ्यावर, दहा-बारा वर्षांनी फार तर हजार रूबलांचा मास्तर किंवा कारकून झालो असतो. पण मग स्वतःच ते खोडून काढतो. आईसाठी नाही मारलं, म्हणतो, तसं म्हणणं थोतांड आहे, मी स्वतःसाठी मारलं, मी उवेसारखा आहे की माणूस हे मला बघायचं होतं. आणि पुरावाही त्याच्याच बाजूचा आहे. चोरलेल्या पाकिटात 317 रूबल आणि वर तीन वीस-कोपेकांची नाणी होती, आईच्या दोन वर्षांच्या उत्पन्नापेक्षा जास्त. त्याने ते पाकीट उघडूनही पाहिलं नाही. एका अंगणात दगडाखाली पुरलं. आकडा कोर्टात कळला. कुटुंबासाठी चोरी करणारा असं करत नाही.

दोस्तोयेव्हस्कीने मात्र सुरुवातीला या दोन गोष्टी वेगळ्या ठेवलेल्या नव्हत्या. 1865 च्या सप्टेंबरमध्ये वीसबाडेनहून, जुगारात सगळं हरून बसलेला असताना, त्याने मासिकाचे संपादक कात्कोव्ह यांना 300 रूबल आगाऊ मागणारं पत्र लिहिलं, त्यात कथेचा आराखडा दिला आहे. विद्यापीठातून काढलेला तरुण म्हातारीला मारायचं ठरवतो, का, तर गावाकडच्या आईला सुखी करावं, जमीनदाराच्या घरी राहणाऱ्या बहिणीला त्याच्या वासनेतून सोडवावं. म्हणजे आई आणि बहीण या कथेत पहिल्यापासून आहेत. लेखकाचं स्वतःचं घर तरी कुठे मोकळं होतं? 1864 मध्ये आधी बायको गेली, तीन महिन्यांत मोठा भाऊ मिखाइल गेला. भावाचं कर्ज, भावाचं कुटुंब, स्वतःचा सावत्र मुलगा, सगळं त्याच्या गळ्यात. तरुणपणी इंजिनिअरिंग अकादमीत शिकताना त्यानेही गावाकडच्या वडिलांना पैशांसाठी पत्रं लिहिली होती, अगदी चहाला पैसे हवेत म्हणून, आणि वडिलांची तेव्हा ओढग्रस्त होती. 1839 मध्ये वडील वारले. पैसे मागणाऱ्या आणि पैसे पाठवणाऱ्या पत्रांत काय लिहितात आणि काय लिहीत नाहीत हे त्याला शिकवावं लागलं नसणार.

मग आईमुळे खून झाला का? नाही. मला तसं म्हणायचं नाही, आणि आयांवर खापर फोडणारं वाचन मला आवडतही नाही. गरिबी असंख्य घरांत असते, त्याग असंख्य बहिणी करतात, कुऱ्हाड कुणी उचलत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की रोद्याच्या डोक्यातल्या त्या विषारी विचाराला वाढायला जी बंद खोली मिळाली ती नुसती छपराखालची नव्हती. या घरात प्रत्येक जण दुसऱ्याला वाचवण्यासाठी गप्प आहे. दुन्याने उचल लपवली. आईने बदनामी लपवली. रोद्याने आपली उपासमार, ताप, आजारी मन, सगळं लपवलं. इतकं प्रेम आणि एकही खरा निरोप नाही. ज्याच्यासाठी सगळं चाललंय त्याला कुणी विचारलेलंच नाही की बाबा, तुला हे हवंय का, तुला हे झेपतंय का. तो उपकाराखाली दबलेला आहे. आपल्याकडे एहसान हा शब्द आहे, केला की आनंद देतो, घ्यावा लागला की माणूस मान वर करू शकत नाही. रोद्याचं आईवर प्रेम आहे आणि तिची आठवण त्याला सहन होत नाही, ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी आहेत. खुनानंतर माय-लेकी येतात, आनंदाने त्याच्या गळ्यात पडतात, आणि त्याचे हात त्यांना मिठी मारायला उचलत नाहीत. तो कोसळतो.

दुसऱ्या दिवशी तो बहिणीला आणि आईला सहज म्हणून जातो, बोलू की निवांत, भरपूर वेळ आहे! म्हणतो आणि पांढरा पडतो. त्याला उमगतं की आपण आत्ता भयंकर खोटं बोललो, आता आपल्याला कुणाशीही, कधीही, कशाबद्दलही बोलता येणार नाही. मला वाटतं कादंबरीतली खरी शिक्षा इथे सुनावली जाते, कोर्ट पुढे येतं.

झोसिमोव्ह नावाचा डॉक्टर म्हणतो की आजार हलाखीमुळे आहे आणि मनातल्या काळज्यांमुळे. मित्र रझुमिखिन स्वभाव सांगतो, त्यात जणू दोन माणसं आलटून पालटून राहतात म्हणतो. दोघांचंही बरोबर आहे. 'डिप्रेशन' हा शब्द आज आपण सहज वापरतो, पण उपचार घेणाऱ्यालाही घरचे सांगतात, 'बाहेर बोलू नको.' तेव्हा पीटर्सबर्गमध्ये निदान डॉक्टर त्याच्या खोलीत येत होता.

इथे थोडं विषयांतर करते, पण या ब्लॉगच्या वाचकांना ते करायलाच हवं. रास्कोलनिकोव्हच्या लेखात जगाला नवा कायदा देणाऱ्यांची यादी आहे. लायकर्गस, सोलोन, आणि त्यांच्याबरोबर पैगंबर मुहम्मद (स.) आणि नेपोलियन. पुढे एकदा तापाच्या भरात तो घोड्यावरच्या, तलवार घेतलेल्या पैगंबराची कल्पना करतो, आणि हुकूम मानणाऱ्या सामान्य माणसाला 'थरथरणारा जीव' म्हणतो. मुस्लिम वाचक इथे थबकतो, मीही पुस्तक मिटलं होतं. नंतर कळलं की हे शब्द त्याचे नाहीत, पुश्किनचे आहेत. पुश्किनने 1824 मध्ये कुराणावरून प्रेरित नऊ कविता लिहिल्या, त्यांतल्या पहिलीत ते येतात. त्या कवितेत सूरह अद-दुहाची छाया आहे. सूरह दुहा आपल्या घरातल्या मुलांनाही पाठ असते. वह्य काही काळ थांबली, पैगंबरांचं मन खचलं, तेव्हा दिलासा म्हणून ती उतरली. तुझ्या रबने तुला सोडलेलं नाही, तू यतीम होतास तेव्हा आसरा दिला, तर तू यतीमाला दडपू नकोस, असा तिचा आशय. पुश्किनच्या कवितेतही यतीमांवर माया करायला सांगितलंय, आणि त्याच दमात त्या थरथरणाऱ्या जीवापर्यंत संदेश पोहोचवायला सांगितलंय. तिथे ते शब्द करुणेचे आहेत. बापाविना वाढलेल्या, खचलेल्या या मुलाने नेमकी दिलाशाची कविता उचलली आणि तिच्यातली दया काढून टाकून उरलेल्या तुच्छतेवर सिद्धांत उभारला. आजारी मन वाचन कसं करतं याचं इतकं अचूक उदाहरण मला दुसरं माहीत नाही. दोस्तोयेव्हस्कीला हे कळत होतं की नाही, ते ज्याचं त्याने ठरवावं. पण सायबेरियातल्या तुरुंगातून सुटल्यावर 1854 मध्ये भावाला लिहिलेल्या पत्रात त्याने ज्या पुस्तकांची मागणी केली त्यांत कान्टच्या ग्रंथाबरोबर कुराणही होतं.

त्या तुरुंगातल्या अनुभवांवरच्या पुस्तकात, 'मेलेल्यांच्या घराच्या आठवणीं'त, दागेस्तानचे तीन मुसलमान भाऊ आहेत. धाकटा अली बावीसच्या आतला. एक दिवस थोरल्या भावांनी सांगितलं, तलवार घे, घोड्यावर बस. कुठे जायचं हे त्याने विचारलं नाही. मोठ्यांचा अदब इतका की विचारायचं त्याच्या मनातही आलं नाही. भाऊ एका श्रीमंत व्यापाऱ्याला मारून लुटायला निघाले होते. अलीला त्यापायी सक्तमजुरी झाली. पुस्तकातला निवेदक त्याला आईबद्दल विचारतो, तर तो म्हणतो की ती माझ्या दुःखाने कधीच मेली असेल, मी तिचा लाडका होतो. हे पुस्तक रास्कोलनिकोव्हच्या आधीचं आहे. न विचारणारं घर आणि झुरणारी आई दोस्तोयेव्हस्कीला तुरुंगातच भेटली होती, आणि तीही आपल्यासारख्या घरातली.

सोन्याकडे येते. रोद्या आईला नाही, बहिणीला नाही, जिवलग मित्राला नाही, सोन्याला सांगतो. का? मला वाटतं, कारण सोन्याचं त्याच्यावर काही देणं नाही आणि त्याचं सोन्यावर काही नाही. तिने त्याच्यासाठी काही विकलेलं नाही. तिच्यासमोर त्याला कर्तबगार मुलगा असण्याची सक्ती नाही. ती त्याला सांगते, चौकात जा, वाक, जमिनीचं चुंबन घे, मोठ्याने सांग की मी मारलं. हे आपल्याला जरा परकं वाटतं. आपल्याकडे तौबा बंदा आणि अल्लाह यांच्यात असते, तो सत्तार आहे, ऐब झाकणारा आहे, आपले गुनाह आपण चव्हाट्यावर मांडू नयेत असं शिकवलं जातं. पण हुकूकुल इबाद ही वेगळी बाब आहे हेही शिकवलं जातं. बंद्याचा हक्क मारला असेल तर नुसत्या तौबेने तो फिटत नाही. लिझावेता सोन्याची मैत्रीण होती. सोन्या ज्या बायबलमधून त्याला वाचून दाखवते ते लिझावेताने आणून दिलेलं असतं. तिच्या बाजूने बोलणारं जगात कुणीतरी उरलेलं होतं, आणि त्याला त्याच माणसाच्या दारात जावं लागलं.

झाकणं आणि लपवणं यांत काहीतरी फरक आहे. दुसऱ्याची अब्रू झाकणं हे पुण्य, पण स्वतःचं दुखणं घरच्यांपासून लपवणं याला आपण त्याच खात्यात का टाकतो? अम्मीला बीपीचा त्रास आहे हे मुलांना महिन्यांनी कळतं, मुलाची नोकरी गेली हे अब्बांना शेजाऱ्याकडून कळतं. आणि मग सगळे म्हणतात, किती समजूतदार घर. मी स्वतः अशी समजूतदार राहिले आहे, त्यामुळे हे कुणाला ऐकवायला लिहीत नाही.

पुल्खेरियाचं शेवटी काय झालं? निरोप घ्यायला आलेल्या मुलाला ती काही विचारत नाही. त्याचा तो छापून आलेला गुन्ह्यावरचा लेख तिने तीनदा वाचलाय, समजलेला नाही, पण मुलगा मोठा माणूस होणार याची खात्री पटली आहे. कुठे चाललास, हे ती विचारता विचारता थांबते. तो सायबेरियाला जातो, आठ वर्षं सक्तमजुरी. दुन्या आणि रझुमिखिन आईला सांगतात की तो कामानिमित्त फार लांब गेलाय. ती ते मान्य करते. पत्र का येत नाही हे ती एकदाही विचारत नाही, आणि तिच्या न विचारण्याचीच दोघांना भीती वाटू लागते. ती रस्त्यावर, दुकानात, कुणालाही धरून मुलाच्या लेखाबद्दल बोलते. मग एका सकाळी सांगते की माझ्या हिशेबाने रोद्या आता यायलाच हवा, जाताना नऊ महिन्यांनी येतो म्हणाला होता. ती खोली आवरायला घेते, सामान पुसते, नवे पडदे धुऊन लावते. दुन्या घाबरलेली असते, तरी काही न बोलता तिच्याबरोबर पडदे लावू लागते. रात्री आईला ताप भरतो आणि दोन आठवड्यांत ती जाते. तापातल्या बरळण्यावरून घरच्यांना कळतं की तिला त्यांच्या समजुतीपेक्षा खूप जास्त माहीत होतं.

म्हणजे तीही गप्प होती. मुलीला काळजी नको म्हणून.

सायबेरियाहून दर महिन्याला सोन्याचं पत्र येतं, दुन्या आणि रझुमिखिनच्या नावे. सुरुवातीला दोघांना ती पत्रं फार कोरडी वाटतात, काहीतरी अपुरी. त्यांत सोन्याच्या आशा नसतात, तर्क नसतात, त्याच्या मनात काय चाललंय याची वर्णनं नसतात. कालांतराने त्यांना उमगतं की याहून चांगली पत्रं लिहिता आली नसती, कारण त्यांतून आपला माणूस नेमका कसा आहे ते डोळ्यांपुढे उभं राहतं. तो फळ्यांवर झोपतो, खाली एक जाजम. दुसरी सोय करून घ्यायला तयार नाही. जेवण वाईट आहे, म्हणून माझ्याकडून थोडे पैसे घेतले, रोजच्या चहापुरते. कुणाशी बोलत नाही. आईबद्दल अधूनमधून विचारायचा. त्याने ओळखलंय असं दिसलं तेव्हा आई गेल्याचं सांगितलं. त्याच्यावर फारसा परिणाम झालेला दिसला नाही, निदान वरून तरी. मी गेले की आधी चिडायचा, आता सवय झाली आहे. आणि अगदी अलीकडच्या पत्रात असं की तो खूप आजारी आहे, कैद्यांच्या दवाखान्यात ठेवलंय.